देजात पाटे

मी मांडवात बसायला तयार आहे, पण माझं देज, नवरीचं मोल, मीच ठरवणार, असं मी म्हटलं तेव्हा पंचांतले झिपरू काका तोंडातली विडी खाली पडेपर्यंत हसले. पन्नाशीला टेकलेली बाई, एक पाय आखूड, आणि नवऱ्याच्या बाजूकडून देज मागते! म्हटलं, हसा. हसून झालं की सांगते.

आधी हे माझं लग्न काय भानगड आहे ते ऐका. आमच्या पाड्यात लग्न लावायचं म्हणजे मांडव, वाजंत्री, सगळ्या गोतावळ्याला दोन दिवस जेवण. तेवढं जमत नाही म्हणून पोरगी तशीच पोराच्या घरी राहायला जाते. पोरंबाळं होतात, घर चालतं, लग्न तेवढं मागे राहतं. कुणी नावं ठेवत नाही. पण एक आहे, पोराचं लग्न लावायचं तर आईबापाचं आधी लागलेलं हवं. त्याशिवाय त्यांना पोराच्या अंगाला हळद लावता येत नाही. म्हणून पुष्कळ घरांत सकाळी आईबाप मांडवात बसतात आणि दुपारी पोरगा.

माझ्या पोराचं, उमेशचं, वेवजी गावच्या शितलशी जमलं. पोरगा उंबरगावला कंपनीत जातो, पोरगी गुणाची, सगळं छान. अडलं फक्त आमच्यापाशी. कारण उमेशचा बाप धाकल्या माझ्याजवळ राहत नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी आले, पंधरा वर्षं नांदले, आणि अकरा वर्षांपूर्वी माझा पाय मोडला तशी वर्षाच्या आत स्वारी झरीला पुष्पा नावाच्या बाईबरोबर दुसरं घर करून राहायला गेली. ती पुष्पाही दोन वर्षांपूर्वी कंटाळून माहेरी निघून गेली. शहाणी बाई.

आता पाय कसा मोडला ते. धाकल्याची पिकअप होती, अजून आहे. सकाळी आमच्या पाड्यातल्या बायका भरायच्या, नरपडला गोविंदराव शेठच्या चिकूच्या वाडीत सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. त्या संध्याकाळी सगळ्या बायका चढून पुढे जाऊन बसल्या. मी शेवटची. मागच्या फाळक्याखाली लोखंडी पायरी असते, तिच्यावर एक पाय ठेवला, दुसरा अजून हवेत, आणि गाडी निघाली. मी पाठीवर पडले ती मांडीचं हाड मोडूनच.

हाड मोडलं त्याचं एवढं नाही. या मेल्याने दवाखान्यात सांगितलं, ताडी पिऊन पडली. डॉक्टरने तसंच कागदावर लिहिलं. शेठच्या घरी सांगितलं, ताडी पिऊन पडली. शेठची बायको विजयमालाबाई, ज्या मला नावाने हाक मारून चहा द्यायच्या, त्यांनी निरोप धाडला की पिणारी बाई वाडीत नको. पाड्यात तेच. सोबतच्या बायकांचं रोजचं कामाला जाणं त्याच्याच गाडीवर, त्याही माझ्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत. मी आयुष्यात ताडीचा थेंब जिभेला लावला नाही, आणि अकरा वर्षं माझं नाव काय, तर ताडीवाली जानी. शाळेतली पोरं मागून लंगडत चालायची आणि ओरडायची. मी किती वेळा किती जणांना खरं सांगितलं! लोक मान हलवायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे.

मला दुसरं काही नको होतं. त्याच्या तोंडून, चारचौघांत, एवढंच ऐकायचं होतं की जानी प्यायली नव्हती, गाडी मी सोडली. गेली अकरा वर्षं मी याच्यावरच जगले म्हणा ना.

आणि आता तोच धाकल्या पंचांना घेऊन माझ्या दारात आला होता. नवा शर्ट, केसांना तेल, तोंड असं की जसं काही सणाचं आमंत्रण द्यायला आलाय.

"जाने, पोराचं काम आहे," म्हणाला. "झालं गेलं विसर."

"विसरले," मी म्हटलं. "मला न्यायला कोण येणार?"

"मीच येणार. गाडी आहे की."

"तीच ना? मग ऐक. मी त्याच गाडीत मागून चढणार. आपल्या पायाने. कुणाचा हात नको, स्टूल नको, खुर्ची नको. माझा हा पाय जेवढा उचलतो तेवढ्यावर पायरी आली पाहिजे."

"अगं, मी उचलून ठेवीन!"

"मी काय भाताचं पोतं आहे? गाडी मागून खाली आण."

मग मी देज सांगितलं. माझा बाप गेला, भाऊ नाही, तेव्हा देज घेणारी मीच. देज काय, तर गाडी खाली आणायला जे पाटे काढावे लागतील ते सगळे. परत मागायचे नाहीत.

तेव्हा धाकल्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. झिपरू काकांना काही उमजेना, पण त्याला बरोबर उमजलं. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले, त्यांच्यावर सगळं वजन तोललेलं असतं. कंपनी देते पाच पाच. या पठ्ठ्याने दोन्ही बाजूंना आणखी चार चार चढवले होते, म्हणून तो विटा, रेती, गवताचे भारे कायद्याच्या दुप्पट भरायचा. रिकामी असली की गाडी मागून ही उंच उठलेली. गाडीची शेपटी वर तशी याचीही. तलासरीच्या नाक्यावर उभा राहून सांगायचा, माझ्याएवढा माल कुणी उचलून दाखवा.

"पाटे काढले तर मी खाऊ काय?" तो म्हणाला.

"अर्धा माल भर. अर्धं खा."

उमेश मध्ये पडला. "आये, माझं लग्न आहे की तुझा खटला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

लहानपणी ताडीवालीचा पोरगा म्हणून उमेशनेही मार खाल्ला होता आणि दिलाही होता. मग तो बापाकडे वळला आणि म्हणाला, "आये म्हणते तसं कर."

आठ दिवसांनी आम्ही लाहूच्या गॅरेजात गेलो. तलासरीला हायवेच्या कडेला त्याचं पाट्यांचं काम चालतं. वापीला मिस्त्रीच्या हाताखाली शिकून आलेला माणूस, बोलायला कमी, हाताला पक्का. मी मुद्दाम गेले. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर मी भरवसा ठेवणार नव्हते. लाहूने मला बसायला टायर दिला.

"मावशी, किती खाली पाहिजे?" त्याने विचारलं.

मी उभी राहिले, खांबाला हात लावला आणि पाय उचलला. जेवढा गेला तेवढा. लाहूने जमिनीपासून माझ्या तळव्यापर्यंत विती टाकल्या. एक वीत आणि चार बोटं. मग गाडीची पायरी मोजली. दोन विती पूर्ण. खांबावर त्याने खडूने दोन रेघा ओढल्या, एक माझ्या पायाची, एक गाडीची.

"मावशी, पायरीच खाली जोडून देतो की. वेल्डिंगचं काम, अर्धा तास," तो म्हणाला.

धाकल्याचे डोळे चमकले. "हां! बघ! एवढं सोपं आहे!"

"पायरी नाही," मी म्हटलं. "गाडी."

लाहूने माझ्याकडे बघितलं, धाकल्याकडे बघितलं आणि जॅक आणायला गेला. त्याला काय समजायचं ते समजलं असावं.

गाडी मागून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. नटांना गंज चढलेला, म्हणून आधी डिझेल मारून ठेवलं. मग पान्याला लांब पाईप अडकवून लाहू लटकला. नट किंचाळला आणि सुटला. पाटे बांधून ठेवणारे बोल्ट निघाले, मधला बोल्ट निघाला, आणि खालून पहिला पाटा धप्पकन जमिनीवर पडला. काय सांगू, माझ्या जिवाला गार वाटलं. धाकल्याने डोळे मिटून घेतले.

चार या बाजूचे, चार त्या बाजूचे. आठ पाटे माझ्या टायरपाशी येऊन पडले. लाहूने कमी लांबीचे बोल्ट घालून सगळं परत आवळलं, गाडी खाली घेतली, दोन वेळा दाबून हलवली आणि मोजलं.

"अजून चार बोटं वर आहे," तो म्हणाला.

"मग अजून काढ."

"मावशी, आता कंपनीचे राहिलेत. दोन्ही बाजूंचा एकेक काढता येईल, त्याहून जास्तीला मी हात लावणार नाही. आणि पाट्यांना मागून गाडीला टांगून धरणारे लटकन छोटे बसवतो. येईल तुमच्या रेघेवर. पण मग," तो धाकल्याला म्हणाला, "अर्ध्यापेक्षा जास्त माल भरायचा नाही. भरलास तर गाडीचं बूड खालच्या रबरावर आपटेल. आधीच सांगून ठेवतो."

धाकल्या माझ्यासमोर उकिडवा बसला. आता मिजास नव्हती, नवा शर्ट तेलाने माखला होता.

"जाने, कंपनीचे तरी ठेव. आठ घेतलेस. पाया पडतो."

मी याच घटकेची वाट बघत होते. म्हटलं, "ठेवते. एका अटीवर. त्या दिवशी काय झालं ते लाहूसमोर सांग. खरं सांगितलंस तर हे दोन पाटे तुझे."

बोलायला त्याला एक क्षणही लागला नाही. अकरा वर्षं जे जिवाचं रान करून मिळालं नाही ते दोन पाट्यांसाठी घडाघडा बाहेर पडलं.

"तू प्यायली नव्हतीस. मी प्यायलो होतो. वाडीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, याच्या तोंडाला वास येतोय, आज गाडी हळू चालव म्हणावं. बायका हसल्या. शेठने ऐकलं, मला झापलं. माझं डोकं फिरलं होतं. घाईत होतो, बघितलं नाही, गाडी सोडली. झालं? चुकलं माझं."

लाहूने हातातला पाना खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. घाईत चुकतं माणसाचं. मला वाटलं, संपलं. आता याला खरंच माफ करून टाकावं. पोराच्या लग्नात हसावं.

माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यालाही धीर आला. तो जवळ सरकला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं तू चढशील. तू हात हलवून थांब थांब करत होतीस ना, तरी मला वाटलं तुझी पकड घट्ट आहे."

मी पदराने डोळे पुसत होते ती थांबले.

"हात हलवत होते?"

"हो ना. उजवा हात, बाहेर काढून."

"बायका सगळ्या पुढे तोंड करून बसल्या होत्या," मी म्हटलं. "मागे कुणी नव्हतं. मी हात हलवला ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुला कसं कळलं?"

लाहू ड्रायव्हरच्या दाराजवळ उभा होता. त्याने एकदा बाजूच्या आरशाकडे बघितलं आणि मग धाकल्याकडे. हायवेवरून एक कंटेनर गेला.

"मला घाबरवायचं होतं," धाकल्या शेवटी पुटपुटला. "नुसतं घाबरवायचं होतं, जाने. देवाशप्पथ."

अकरा वर्षं मी या माणसाला बेपर्वा म्हणून शिव्या दिल्या. रोज सकाळी पाय जमिनीवर टेकताना दिल्या. आणि त्याने मला आरशात बघितलं होतं. माझा हात, माझं तोंड, सगळं बघितलं होतं आणि मग गाडी सोडली होती. रागही नीट येईना, एवढा मोठा होता तो.

"लाहू," मी म्हटलं, "काढ ते दोन."

"तू शब्द दिलास!" धाकल्या ओरडला.

"खऱ्याला दिला होता. तू आधी अर्धंच सांगितलंस. उरलेलं तुझ्या तोंडून चुकून सांडलं."

लाहूने परत जॅक लावला. संध्याकाळी पायरी माझ्या खडूच्या रेघेवर आली. मी तिथेच चढून दाखवलं. चांगला पाय वर, मग हा, मग फाळका धरून आत. कुणाचा हात लागला नाही. आत उभी राहिले तेव्हा मनात एक गोष्ट ठरवून टाकली, पण ती मी उमेशलाही सांगितली नाही.

दहा पाटे मी दुसऱ्याच दिवशी लोहाराकडे पोचवले. पाट्याचं पोलाद कोयत्याला एक नंबर, वर्षानुवर्षं धार जात नाही. माझ्यासोबत त्या गाडीत नरपडला जायच्या त्या सगळ्या बायकांना एकेक कोयता वाटला. धाकल्याला वाटत होतं लग्न झालं की गोड बोलून पाटे परत मिळवू. ते स्वप्न तिथेच तुटलं.

लग्नाच्या दिवशी गाडी आली. मागून बसलेली, पार आज्ञाधारक. सगळा पाडा बघायला जमला होता. मी चढले. वाजंत्री वाजली, पोरं शिट्ट्या मारत मागून धावली.

मांडवात लग्न लावणारी जमना म्हातारी हळदीची वाटी घेऊन बसली होती. वेवजीची माणसं आली होती, शितलचे आईबाप पुढेच होते. जमनाने हळद माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला.

"आधी याला बोलायचंय," मी म्हटलं.

धाकल्याने वेवजीच्या माणसांकडे बघितलं. "इथे? आता?"

"गॅरेजात बोललास तेच. यावेळी पूर्ण. आरशासकट."

झिपरू काका म्हणाले, "जाने, मुहूर्त आहे, पोराचं लग्न खोळंबलंय."

"पोराचं लग्न याच्या जिभेवर अडलंय, काका. माझ्यावर नाही."

उमेश बापासमोर येऊन उभा राहिला. त्याला आरशाचं काही माहीत नव्हतं. "बोल ना," तो म्हणाला. "काय आहे ते बोलून टाक."

आणि धाकल्या बोलला. मान खाली घालून, तुटक तुटक, पण बोलला. जानी प्यायली नव्हती. मी प्यायलो होतो. मी आरशात बघितलं, ती हात हलवत होती, मी गाडी सोडली. मग तिच्यावर आळ घेतला. मागे बसलेल्या बायकांपैकी एक रडायला लागली. तीच, जी अकरा वर्षं मला बघून तोंडावर पदर घेऊन हसायची. उमेश मांडवाच्या बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मी हळदीत बोटं बुडवली आणि धाकल्याच्या कपाळाला लावली. जमनाने गाणं सुरू केलं. लग्न लागलं. दुपारी उमेशचं लागलं. मी त्याच्या आणि शितलच्या अंगाला हक्काने हळद लावली, सगळ्यांना वाढलं, व्याह्यांची थट्टा केली. लोक म्हणत होते, जानीचं मन मोठं. धाकल्याही हळूहळू सैल झाला. दोन घास जास्त जेवला, चारचौघांत हसला.

दिवस कलता कलता तो माझ्याजवळ आला. "चल आता," म्हणाला. "सामान भर. झरीला घर रिकामं आहे. पुष्पा गेल्यापासून मी हातानेच शिजवतोय. आता तू लग्नाची बायको. मीही थकलोय, जाने."

"थांब," मी म्हटलं. "काका, पंच अजून बसलेत ना? एक काडी द्या इकडे."

झिपरू काकांना वाटलं दात कोरायला मागते. त्यांनी छपरातली गवताची काडी ओढून दिली. मग माझं तोंड बघून त्यांच्या लक्षात आलं आणि ते उठूनच उभे राहिले.

"काडीमोड? अगं, सकाळीच तर लग्न लागलं!"

"म्हणून तर," मी म्हटलं. "लग्न लागल्याशिवाय मोडता येते का काडी? इतकी वर्षं मोडायला काही नव्हतंच माझ्या हातात. तो उठला आणि गेला, त्याला कुणी विचारलं नाही."

"बाई सोडते तर देज परत करावं लागतं," एक पंच म्हणाला.

"त्याचे कोयते झालेत. बायकांकडे आहेत. त्याला सांगा, एकेकीच्या दारात जाऊन मागून घे."

मांडवात बायका खदखदून हसल्या. धाकल्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"जाने," तो म्हणाला. "पोरासमोर असं करू नकोस. मी सगळं बोललो ना? तुला पाहिजे होतं तसं बोललो ना?"

"बोललास. म्हणून तर मोडते. नुसती घाईत चूक झाली असती ना, तर आज तुझ्या घरी येऊन तुला भाकरी करून घातली असती मी."

मी उमेशकडे बघितलं. तो शितलजवळ उभा होता. त्याने मला अडवलं नाही. मी काडी दोन्ही हातांत धरली, सगळ्यांना दिसेल अशी वर केली आणि मोडली. अर्धा तुकडा धाकल्यापुढे धरला. रीत आहे, घ्यावा लागतो.

"लोक विचारतील तुला," मी म्हटलं. "तेव्हा सांग, जानीने सोडलं."

त्याने तो तुकडा घेतला.